मीठ गेलं कुठे?

समुद्रकाठच्या करांगवारू गावाच्या ग्रामसभागृहात त्या दुपारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मिठागरांतली फावडी तशीच टाकून बाप्ये आले होते, सुकत घातलेली मासळी कावळ्यांच्या हवाली करून बायका आल्या होत्या. दारात चपलांचा ढीग पडला होता. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडक्यांच्या गजांना लटकले होते.

समोर ओट्यावर कमरेएवढा मातीचा रांजण होता. त्याला पिवळं कापड गुंडाळलं होतं, तोंडावर काळपट कातडं ताणून बांधलं होतं, आणि शेजारी हिरव्या झग्यात, डोळे अर्धे मिटून, एयांग सगारा बसले होते. एयांग म्हणजे आजोबा; अशा सिद्धपुरुषांना लोक तसंच म्हणत. त्यांच्या चेल्याच्या हातात ध्वनिवर्धक होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"या पाण्यात काय आहे?" चेल्याने विहिरीचं पाणी भरलेली बादली उंच धरली. "मीठ! आणि मीठ म्हणजे काय? समुद्राचा राग! तुमच्या विहिरी का खारावल्या? समुद्र रागावला म्हणून! राग यंत्राने जातो का हो? माणसाचा जात नाही, समुद्राचा जाईल? राग जातो मायेने. ही बघा, समुद्रराणीची कात! शहरातले शिकलेले लोक हिला मेम्ब्रान म्हणतात. त्यांनी नक्कल केली. अस्सल माल एयांगांकडे आहे!"

बादलीतलं पाणी कातड्यावर ओतलं गेलं. कातड्याने ते गटागटा पिऊन टाकलं. एयांगांनी रांजणाच्या पोटावर हात ठेवला, ओठ हलवले आणि खालची तोटी सोडली. पेल्यात नितळ पाण्याची धार पडली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तुमिनीने, गावाच्या म्बोकने म्हणजे आईने, पेला तोंडाला लावला.

"गोड!" ती किंचाळली. "अगं बाई, गोड! माझ्या माहेरच्या झऱ्यासारखं!"

सभागृह दणाणलं. लोक ढसाढसा रडायला लागले. सरपंच, म्हणजे लुराह सुतेजो, यांनी भर सभेत एयांगांच्या हाताला कपाळ टेकवलं. गावच्या रस्त्याचं खडीकरण मागायला गेलं की हेच गृहस्थ सतरा कागद मागत.

मागच्या खांबाला टेकून उभी असलेली तितिस मात्र दात-ओठ खात होती.

तितिस याच गावची. बाप मिठागरात राबला आणि लेक शिकून पाण्याची अभियंता झाली. शहरातल्या संशोधन संस्थेत ती पाणी गाळायचे पडदे, म्हणजेच मेम्ब्रान, बनवायची. हे पडदे कागदासारखे दिसतात, पण त्यांची छिद्रं इतकी बारीक असतात की पाणी निसटतं आणि मीठ अडकतं. उन्हाळा लागताच तिने आपलं यंत्र गावच्या आरोग्यकेंद्रामागे उभं केलं होतं. छपरावरच्या सौरपट्ट्या पंप चालवत, पंप खाऱ्या पाण्याला पडद्यावर रेटत असे आणि दिवसभरात गरोदर बायकांना, तान्ह्या पोरांना पुरेल इतकं गोडं पाणी मिळत असे. त्याहून जास्त नाही. शिवाय गाळ अडकला की पडदा तुंबे, मग धुवायला अर्धा दिवस जाई. लोक रांगेत उभे राहून कंटाळत, आणि कंटाळलेल्या माणसाला गाठणं सगळ्यात सोपं, हे एयांगांसारख्यांना चांगलं ठाऊक असतं.

"एयांग," तितिसने गर्दीतून आवाज दिला, "पाण्याला रेटा कुठून देता? रेट्याशिवाय पडद्यातून गोडं पाणी येत नाही. नुसतं सोडलं तर उलटं होतं, गोडं पाणीच खाऱ्याकडे धावतं!"

लोकांनी माना वळवल्या. एयांगांनी डोळे उघडले आणि मधाळ हसले.

"पोरी, तू ते आरोग्यकेंद्रामागचं डबडं चालवतेस ना? ऐकलंय मी. विजेचा दिवाही लावतेस म्हणे मिठाच्या पाण्यावर. आणतेस का इथे? बघू दे लोकांना."

तितिसने आव्हान घेतलं, आणि तिथेच ती फसली. तिचा दुसरा प्रयोग खरोखर विजेचाच होता. एका बाजूने मिठागरातलं दाट खारं पाणी, दुसऱ्या बाजूने गोडं पाणी, मध्ये पडद्यांची चळत. खाऱ्या पाण्यातले कण पलीकडे जायला धडपडतात, पडदा त्यांची निवड करतो आणि त्या धडपडीतून वीज मिळते. धूर नाही, तेल नाही. पण प्रयोग अजून रांगतच होता. खिडक्या लावून सभागृहात अंधार केला तेव्हा तिचा वाटाण्याएवढा दिवा काजव्यासारखा लुकलुकला.

मग एयांगांनी एक कंदील पुढे घेतला, त्यात मिठागरातलं खारं पाणी ओतलं, मंत्र पुटपुटला, आणि भक्कन पांढराशुभ्र उजेड पडला. मागच्या भिंतीवर लोकांच्या सावल्या नाचल्या.

"म्बाक तितिस," कुणीतरी तिला ताई म्हणत ओरडलं, "तुझा दिवा कुठे दिसत नाही गं! विझला की काय?"

हशा झाला. तितिसचा भाऊ जारोतही हसला. त्याची बायको वेनिंग पोटावर हात ठेवून शेजारी बसली होती. तिला सातवा महिना लागला होता. ती हसली नाही, पण घरी जाताना तिच्या हातात एयांगांकडून घेतलेला कातीचा तुकडा होता आणि कानांत सोन्याचे डूल नव्हते.

प्रत्येक घरासाठी कातीचा असा एक तुकडा होता. माठाच्या तोंडावर बांधायचा आणि त्यावरून विहिरीचं पाणी ओतायचं. दर शुक्रवारी एयांगांनी दिलेल्या चांदण्यांच्या चूर्णात तो भिजवून वाळवायचा. चूर्ण अर्थातच फुकट नव्हतं. आणि एक सूचना चेला प्रत्येकाच्या कानात सांगत असे, "पाणी गोडच लागेल. एखाद्याला खारट लागलं, तर ते त्याच्या स्वतःच्या पापाचं मीठ समजावं."

काय बिशाद होती कुणाची खारट लागलं म्हणायची! गावातल्या सगळ्या पाप्यांनी एकमेकांकडे बघत "वा, काय गोड!" म्हणून पाणी प्यायला सुरुवात केली. लुराह तर चारचौघांत घोट घेऊन मिटक्या मारत. तितिसच्या यंत्रापुढची रांग आटत गेली. शेवटी तिथे आरोग्यकेंद्राची सुईणबाई इबू रुमियाती आणि एक भटकी मांजर एवढ्याच उरल्या.

"वेनिंगला पाठव गं तपासायला," रुमियाती एक दिवस म्हणाली. "मागच्या खेपेला आली नाही. खारं पाणी पोटुशीला फार वाईट. रक्तदाब चढला तर दोघांवर बेततं."

तितिस भावाच्या घरी गेली. वेनिंग ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय इतके सुजले होते की घोटे दिसेनात. चेहरा फुगला होता.

"डोकं ठणकतंय, म्बाक," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे ठिपके नाचतात. पण एयांग म्हणाले, बाळ पाणी धरतंय, चांगलं लक्षण आहे."

"चांगलं लक्षण?" तितिसचा आवाज चढला. "जारोत! गाडी काढ. आत्ताच्या आत्ता!"

"तू आधी ओरडणं बंद कर," जारोत फणकारला. "एयांग आल्यापासून तुझ्या पोटात दुखतंय. तुझ्या डबड्यापुढे कुणी येत नाही, म्हणून ही आदळआपट. माझ्या बायकोवर राग कशाला काढतेस?"

"माझ्यावर राग नंतर काढ. आधी तिच्या पायाकडे बघ! अंगठा दाबून बघ!"

जारोतने बायकोच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला, ओल्या चिखलात पडावा तसा. तो ताडकन उठला आणि शेजाऱ्याचा मासळीचा टेंपो मागून आणला. रुमियातीने रक्तदाब मोजला आणि तिचा चेहरा उतरला. बर्फाच्या पेट्या खाली फेकून, गाद्या घालून वेनिंगला टेंपोत आडवं केलं. रस्त्यातच तिला झटका आला. रुमियातीने तिला कुशीवर वळवून धरून ठेवलं आणि जारोत टेंपोच्या फळीला डोकं टेकवून लहान मुलासारखा रडत राहिला.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी झाली. मुठीत मावेल एवढीशी होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आई बेशुद्ध होती.

"ही काय पाणी पीत होती?" डॉक्टरांनी विचारलं. "रक्तदाब चढायला इतरही कारणं असतात. पण त्यात तुमच्याकडचं खारं पाणी रोज पोटात जात असेल, तर आगीत तेल ओतल्यासारखंच."

जारोतने बहिणीकडे पाहिलं. "गोडं पाणी पीत होती," तो पुटपुटला. "मीसुद्धा पीत होतो. गोडच होतं गं. शपथ."

तितिस गावी परतली ती तडक जारोतच्या घरातल्या माठाकडे गेली. कातीचा तुकडा सोडला, उजेडात धरला. कसली समुद्रराणी आणि कसली कात! खालून कापडाचे धागे दिसत होते. मोटारसायकलच्या सीटला लावतात ते रेक्झिन, सुईने भोकं पाडलेलं. तिने त्याचा कोपरा जिभेवर ठेवला. इतकं गोड, इतकं गोड की घशाशी कडू झालं. ही गोडी तिने ओळखली. जत्रेतले सरबतवाले साखरेऐवजी चिमूटभर टाकतात ते सॅकरीन! पाण्यातलं मीठ तसंच राहायचं, फक्त जिभेला टोपी घातली जायची. उरलेलं काम पापाची भीती करायची.

तितिस चिडखोर होती, पण मागच्या वेळेसारखी सभेत भांडायला ती गेली नाही. यावेळी तिने डोकं चालवलं.

एयांगांचा पुढचा सोहळा ठरला होता. त्या दिवशी तितिस केस नीट बांधून, मान खाली घालून पहिल्या रांगेत येऊन बसली. जारोत तिच्या शेजारी. चेल्याचं तोंड खुललं.

"बघा! शिकलेली बाईसुद्धा शरण आली!"

"आले," तितिस हात जोडून म्हणाली. "एयांग, माझी वहिनी इस्पितळात आहे. तिच्या खाटेपाशी मला समजलं. घरच्या तुकड्यात शक्ती कमी पडते. खरी शक्ती या रांजणात. गावातल्या पोटुशींना या मूळ रांजणातलं एकेक बादली पाणी मिळावं, एवढीच भीक मागते."

"द्या एयांग, द्या!" बायकांनी गलका केला. लुराह सुतेजोंनी तर उठून स्वतः हात जोडले. एयांगांच्या कपाळावर घाम दिसला.

"रांजण नाजूक आहे," ते म्हणाले. "त्याला विश्रांती लागते."

"पोटुशींसाठीसुद्धा?" म्बोक तुमिनी खेकसली. "देवमाणूस आहात ना तुम्ही?"

देवमाणूस पेचात सापडला. जारोतने विहिरीच्या पाण्याची बादली कातड्यावर ओतली. खालून दुसऱ्या बादलीत नितळ पाणी आलं. टाळ्या पडल्या. मग दुसरी बादली ओतली. निम्मं पाणी कातड्यावरच तरंगत राहिलं. एयांग मंत्र म्हणू लागले, आधी हळू, मग मोठ्याने. खालच्या तोटीची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. जारोतने तरीही तिसरी बादली कलंडवली. पाणी रांजणाच्या काठावरून उसळलं आणि एयांगांच्या हिरव्या झग्यावर, मांडीवर, जपमाळेवर पसरलं.

"अरे मूर्खा, भरलाय तो!" एयांग ओरडले. मंत्राची भाषा एकदम बाजाराची झाली.

"भरला कसा?" तितिस उठून उभी राहिली. आता तिचे हात जोडलेले नव्हते. "आत ओतलं ते बाहेर येत असेल तर भरेल कसा? आणि एक सांगा. माझ्या यंत्रातून गोडं पाणी निघतं तेव्हा दुसऱ्या नळीने आणखी खारट पाणी बाहेर पडतं. मीठ नाहीसं होत नाही. तुम्ही सगळे मिठाची माणसं आहात. जन्मभर पाणी आटवून मीठ काढलंत. कधी मीठ हवेत विरलेलं पाहिलंत? तर मग या रांजणातलं मीठ गेलं कुठे?"

जारोतने कातड्याची दोरी कापली. कातड्याखाली रांजणाच्या गळ्यात घट्ट बसवलेलं प्लॅस्टिकचं घमेलं होतं, विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं. त्याने ते उचललं आणि रांजण आडवा केला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"प्या म्बोक," तितिस म्हणाली. "हेच ते तुमच्या माहेरच्या झऱ्याचं. तुम्ही येण्याआधी यांनी टँकरमधून भरून ठेवलेलं. खारं पाणी वरच अडकतं, गोडं खालून निघतं. रांजण काही गाळत नाही. चोर कप्पा आहे हा."

"पण घरचं पाणी?" एक बाई कळवळून म्हणाली. "ते तर रोज गोड लागतं!"

तितिसने तयारी करून ठेवली होती. ओट्यापाशी दोन शेगड्या पेटवल्या, दोन मोठ्या कढया चढवल्या. एकीत जारोतच्या माठातलं कातीखालचं पाणी, दुसरीत तिच्या यंत्रातलं. कॉफीचे पेले हातात धरून लोक त्या कढयांकडे बघत राहिले. कुणी निघून गेलं नाही. पाणी आटलं. यंत्राच्या कढईत नखाने खरवडावी एवढी पुसटशी रेघ उरली. माठाच्या कढईत पांढरं जाड किटण धरलं.

म्बोक तुमिनीने बोट फिरवून चाटलं आणि थुंकली.

"मीठ," ती म्हणाली. "आणि वर कसली तरी घाण गोडी."

"सॅकरीन. चांदण्यांचं चूर्ण म्हणून विकत घेतलंत ते."

"आणि कंदील?" लुराह सुतेजोंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "उजेड तर खरा होता ना!"

"अगदी खरा. त्याला मंत्र लागत नाही एवढंच." तितिसने कंदील उचलला. "म्बोक, तुमच्या खारवलेल्या माशांच्या हंडीतलं पाणी आणा."

तो कुजका वास सभागृहभर पसरला. ते तपकिरी पाणी कंदिलात ओतताच तसाच पांढराशुभ्र उजेड पडला. पहिल्यांदा एक माणूस हसला, मग दहा हसले.

"समुद्रराणीला आमची मासळी आवडली म्हणायची!" म्बोक तुमिनी म्हणाली.

तितिसने कंदिलाचा तळ फिरवून उघडला आणि आतली करडी पट्टी काढून दाखवली. ती कडेने कुरतडलेली होती. "हा मॅग्नेशियम धातू. खारं पाणी लागलं की तो झिजतो आणि झिजताना वीज देतो. मेणबत्तीचं मेण संपतं तसा हा संपतो, मग नवी पट्टी विकत घ्यावी लागते. असे कंदील बंदरावरच्या दुकानात मच्छीमारांना विकतात. चांगली वस्तू आहे. त्यांच्यासोबत मंत्र देत नाहीत, म्हणून स्वस्त मिळते."

एयांग तोवर मागच्या दाराकडे सरकले होते. चेला केव्हाच पसार झाला होता. पण त्या दारात तितिसने आधीच धाडलेली रुमियाती दोन पोलिसांना घेऊन उभी होती. हवालदाराने झगेवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि हसला.

"काय वागिमान? मागच्या साली टकलावर केस उगवायचं तेल विकत होतास ना रे? स्वतःचं टक्कल झाकायला पगडी घालून?"

काही तरुण मुठी वळून धावले. जारोत सगळ्यांच्या पुढे होता. तितिसने त्याच्या दंडाला धरून मागे ओढलं. "त्याला मारून काय होणार? पाठीवर वळ उठले की हा साधू म्हणून पुढच्या गावात सहानुभूती मागेल. खटला चालू दे. तुझी साक्ष लागेल. हात आवर."

जारोतची मूठ सुटली.

तेवढ्यात रुमियातीने सांगितलं, "इस्पितळातून निरोप आलाय. वेनिंग शुद्धीवर आली. पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? 'पाणी द्या.' पोरगीही दूध ओढते आहे."

जारोतने चेहरा ओंजळीत लपवला. तितिसलाही बाहीने डोळे पुसावेसे वाटले, पण तेवढ्यात बाहेर जे घडलं त्याने तिचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

पोलिसांच्या गाडीत बसवलेल्या वागिमानच्या खिडकीपाशी तीन-चार बायका उभ्या होत्या. त्यांच्यात लुराहांची बायको होती. तिने पाण्याची बाटली गजांतून आत धरली होती.

"एयांग, जाता जाता एवढ्यावर फुंकर घाला हो. घरी सासूबाई आजारी आहेत."

आणि तो निगरगट्ट, हातात बेड्या असताना, फुंकर घालत होता.

तितिस गाडीपाशी गेली. तिला ती बाटली हिसकावून आपटावीशी वाटत होती. तिने ती हळूच काढून घेतली आणि बाईचा हात धरला.

"काकू, सासूबाईंना काय होतंय?"

"ताप उतरत नाही गं. म्हणून तर…"

"मग चला, इबू रुमियाती आत्ता इथेच आहेत. त्यांना घेऊन घरी जाऊ. आणि तुम्ही सगळ्यांनी ऐका." गर्दी तिच्याभोवती जमली होती. "हा आज गेला. उद्या दुसरा येईल, कदाचित माझ्यासारखे कपडे घालून, इंजिनिअरची भाषा बोलत. तो म्हणाला 'विचारू नका', तर तिथेच समजा की लपवायला काहीतरी आहे. मीही सांगते म्हणून मानू नका. माझं यंत्र उघडून बघा. पाणी आटवून बघा. चुकलं तर तोंडावर सांगा. पाणी आपण आपल्या पोरांना पाजतो. ते श्रद्धेने नाही, तपासून पाजायचं असतं."

लुराहांच्या बायकोने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा सुईणीच्या पिशवीकडे. मग तिने कमरेला गुंडाळलेल्या सारोंगची गाठ आवळली.

"चला," ती म्हणाली. "आमचं घर जवळच आहे."